ड्रमरचं मनगट: मऊ प्लॅस्टिकच्या एका सैनिकाचं प्रकरण

मी रंगवून दिलेल्या खेळण्यातल्या सैनिकांशी भाची खेळू लागली, त्याच्या तिसऱ्या संध्याकाळी टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर निळे कण सांडलेले दिसले. मिठाच्या दाण्याएवढे. दिवा जवळ ओढून एकेक सैनिक उचलला, तर बाराच्या बारा जणांच्या बंदुकीचं टोक उघडं पडलं होतं. रंग गेला होता आणि आतलं पिवळट प्लॅस्टिक दिसत होतं. ड्रमरचा तर डावा हातच मनगटापासून निघाला होता. भाचीने तो काडेपेटीत जपून ठेवला होता, छडीसकट.

"मावशी, मी ओढला नाही गं. मी त्याला नुसतं उचललं आणि हात निघाला."

तिचं खरं होतं. ती मुलगी वस्तू जपून वापरणारी आहे. तिच्या खेळण्यात काही चुकलं नव्हतं, माझ्या कामात चुकलं होतं. नेमकं कुठे, हे शोधायला मला सव्वा महिना लागला. त्याची ही सगळी हकिकत.

संच होता १/७२ मापाचा, नेपोलियनच्या काळातलं फ्रेंच पायदळ. या मापात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस साधारण २४ मिलिमीटरचा होतो. पेटीत चाळीसच्या वर सैनिक, पण पोझ दहा-बाराच. एकेक पोझ चार-चार वेळा. चालणारे होते, नेम धरणारे होते, गुडघ्यावर बसलेले होते. ड्रमर नव्हता. "मग चालायचं कधी हे यांना कळणार कसं?" भाचीने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. त्या काळच्या पायदळात चालण्याचा ताल आणि बरेचसे हुकूम ड्रमवरूनच पोहोचायचे. बंदुकांच्या गदारोळात माणसाचा आवाज कितीसा जाणार? तेव्हा खांद्यावर बंदूक घेऊन चालणाऱ्या एका सैनिकाचा ड्रमर करायचं ठरलं. तयार पुतळीचे हात, डोकं, शस्त्र, पोशाख बदलून तिच्यातून वेगळाच माणूस उभा करायचा, यालाच या छंदात कन्व्हर्जन म्हणतात.

मी तोवर फक्त कडक प्लॅस्टिकच्या पुतळ्या रंगवल्या होत्या, बहुतेक १/३५ मापाच्या. त्या काचेच्या कपाटात राहतात, त्यांना कुणी हात लावत नाही. तीच सवय मी इथे जशीच्या तशी उचलली. नळाखाली धुतलं, डब्यातल्या साध्या स्प्रे प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, राखाडी हात मारला, वर ॲक्रिलिक रंग, शेवटी मॅट वार्निश. ड्रमरचे हात दुसऱ्या पोझवरून कापून घेतले आणि सुपरग्लूने चिकटवले, बाह्यांच्या घड्या मिलिपुट नावाच्या पुट्टीने भरल्या, ड्रम कडक प्लॅस्टिकच्या नळीचा केला. दिसायला सगळं छान दिसत होतं. खेळण्यासाठी केलेली वस्तू आणि बघण्यासाठी केलेली वस्तू यांत फरक असतो, हे मला माहीत होतं. पण तो फरक पहिल्या धुण्यापासून सुरू होतो हे माहीत नव्हतं.

कुठे गेला आणि कुठे राहिला

पहिल्यांदा वाटलं, सगळे सोलून पुन्हा रंगवावेत. ते केलं असतं तर पुन्हा तिथेच येऊन पोहोचले असते. त्याऐवजी भिंग घेऊन बाराही जणांवर रंग कुठे गेला आणि कुठे राहिला याच्या खुणा कागदावर काढल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण या प्रकरणात उपयोगी पडलेली पहिली गोष्ट हीच.

चेहऱ्यांवरचा रंग शाबूत होता. छाती, पाठीवरची पिशवी, मांड्या शाबूत. गेला होता तो बंदुकीच्या नळीवरून, संगिनीवरून, घोट्यापाशी आणि कोटाच्या शेपटांच्या कडेवरून. म्हणजे जिथे पुतळी वाकते तिथून. नळी या मापात खरं तर ०.३ मिलिमीटर हवी, पण साच्यातून येते ती जवळजवळ ०.९ मिलिमीटर जाड. बोट लागून ती १० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात वाकली, तर तिची बाहेरची बाजू साडेचार टक्क्यांच्या आसपास ताणली जाते. प्लॅस्टिकला त्याचं काही वाटत नाही, ते सरळ होतं. वरचा प्रायमर कडक, तो ताणला जात नाही, म्हणून तडकतो. आणि तडकलेला तुकडा खाली नीट धरलेला नसला की उडतो.

दोन सैनिक मात्र या हिशेबात बसेनात. एकाच्या पोटावरून आणि एकाच्या पाठीवरच्या गुंडाळीवरून नखाएवढा पापुद्रा निघाला होता, आणि त्या जागा तर वाकत नाहीत. पापुद्र्याची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. तिथे रंग कधी चिकटलाच नव्हता. साच्यातून माल सुटून यावा म्हणून कधी कधी साच्याला तेलकट द्रव्य लावतात, त्याचा अंश पुतळीवर राहू शकतो, आणि थंड पाण्याने तो जात नाही.

म्हणजे दुखणी दोन होती, आणि मी ती एकच समजत होते. धुणं सुधारून वाकण्याचं दुखणं जाणार नव्हतं, आणि लवचिक रंग वापरून तेलाचं जाणार नव्हतं. मनगट हे तिसरं. त्याच्याकडे नंतर येते.

हे प्लॅस्टिक आहे तरी कोणतं

मऊ सैनिक म्हटलं की सगळे एकाच प्लॅस्टिकचे, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तपासायची रीत सोपी आहे. ज्या दांडीला सैनिक जोडून येतात, तिला स्प्रू म्हणतात. तिचा छोटा तुकडा कापायचा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे तुकड्याला बुडबुडे चिकटत नाहीत, आणि तुकडा बोटाने बुडवून सोडायचा. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं, घनता ०.९१ ते ०.९७, म्हणून ते वर येतं. कडक किटचं पॉलिस्टायरिन १.०५, ते बुडतं. मऊ पीव्हीसीसुद्धा बुडतं. हा शेवटचा फरक कामाचा आहे, कारण पीव्हीसी हाताला पॉलिथिलीनसारखंच मऊ लागतं, पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि वरचा रंग चिकट करून टाकतं. त्याचं पथ्य वेगळं.

माझा तुकडा बुचासारखा वर आला. पॉलिथिलीन.

या प्लॅस्टिकचा स्वभाव एकदा कळला की बाकीचं आपोआप कळतं. नेहमीच्या तापमानाला त्याला विरघळवणारा द्रावक नाही. किटसाठीचा सिमेंट नावाचा पातळ गोंद पॉलिस्टायरिनची दोन टोकं वितळवून एकजीव करतो, तोच इथे नुसता वाळून जातो. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा मीटरला ३१ मिलिन्यूटनच्या आसपास, तर पाण्याचा पृष्ठताण ७२. त्यामुळे पाण्यात कालवलेला रंग त्यावर पसरत नाही, गोळा होतो. अळवावरचं पाणी म्हणतात ना, अगदी तसं. ब्रश फिरवला की रंग मागे सरकतो आणि कडेला थेंब धरतो, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला आकडे सांगायची गरज नाही.

आणि तरीही पिढ्यान् पिढ्या सैनिक याच प्लॅस्टिकचे होत आले. एअरफिक्सने १९५९ मध्ये असे छोटे मऊ सैनिक काढायला सुरुवात केली, रेल्वे मॉडेलच्या ओओ-एचओ मापाला जवळचे, म्हणजे आजच्या १/७२ पेक्षा किंचित लहान. मुलांच्या हाताने मोडत नाही, स्वस्त पडतं आणि साच्यातून ताणून सहज बाहेर येतं, असं हे प्लॅस्टिक. ते साच्याला धरत नाही म्हणून कारखान्याला सोयीचं, आणि रंगालाही धरत नाही म्हणून आपल्याला जड. त्या सैनिकांनी कित्येकांना या छंदात आणलं, आणि संचात नसलेला सैनिक असलेल्या सैनिकांतून कापून काढायची सवयही त्यांनीच लावली. (त्या काळातले काही जुने संच आता ठिसूळ झालेत, पाय नुसता दाबला तरी तुटतो. जुना संच हाती आला तर आधी स्प्रू वाकवून बघावा.)

चार कांड्या

उपाय सांगणारे खूप भेटतात. कुणी म्हणतं सुतारकामाच्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाचा हात द्या, कुणी म्हणतं गाडीच्या बंपरचा प्रायमर वापरा, कुणी म्हणतं नीट धुतलं तर काहीच लागत नाही. सैनिकांवर प्रयोग करण्यापेक्षा स्प्रूच्या चार कांड्या घेतल्या. चारही वेगळ्या पद्धतीने तयार केल्या, वर सारखाच निळा ॲक्रिलिक रंग दिला आणि आठवडाभर सुकू दिलं. मग प्रत्येकीवर ब्लेडने बारीक फुली मारून चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली, नंतर कांडी पेन्सिलीभोवती वाकवली.

पहिली कांडी न धुतलेली, साधा प्रायमर. चिकटपट्टीबरोबर सगळा रंग एका तुकड्यात आला. दुसरी कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुन्या टूथब्रशने धुतलेली, तोच प्रायमर. चिकटपट्टीला तिने बऱ्यापैकी दाद दिली नाही, पण वाकवताच आडव्या भेगा पडल्या आणि भेगांच्या कडा उचलल्या. दोन दुखणी वेगळी आहेत हे इथे डोळ्यांनी दिसलं.

तिसरीवर पाण्याने सैल केलेल्या पीव्हीएचे दोन हात. हा जुना आणि लोकप्रिय उपाय. वाकवल्यावर काहीच झालं नाही. पाच वेळा, दहा वेळा वाकवली तरी नाही. मी खूश होते. मग फुलीच्या जागेवरून नख घातलं, तर मोज्यासारखं सगळं आवरण उलटत गेलं. तेव्हा लक्षात आलं की पीव्हीए पॉलिथिलीनला चिकटत नाहीच, तो त्याला गुंडाळतो. जोवर गुंडाळी अखंड आहे तोवर उत्तम, एकदा चीर पडली की ती पसरत जाते. शिवाय त्याला ओल मानवत नाही, आणि खेळणाऱ्याच्या हाताला घाम असतोच. कपाटात ठेवायच्या सैनिकांना मी आजही पीव्हीए देईन. खेळायच्या सैनिकांना नाही.

चौथीवर बंपरच्या कामासाठी मिळणारा, रंग धरून ठेवणारा पारदर्शक प्रायमर. पॉलिप्रॉपिलीनच्या बंपरलाही रंग धरत नाही, कारण ते प्लॅस्टिक पॉलिथिलीनच्याच कुळातलं. हा धुरळा अगदी हलका मारायचा, खिडकी उघडी आणि तोंडाला योग्य मास्क लावूनच. वर राखाडी स्प्रे न देता ॲक्रिलिकचाच पातळ लवचिक अस्तर-थर दिला. चिकटपट्टीला काही आलं नाही. पेन्सिलीभोवती वाकवल्यावर एक केसासारखी रेघ दिसली, पण कडा उचलली नाही. नखानेही नाही. चौथी रीत पक्की झाली.

मनगट

आता ड्रमर. सुपरग्लूने जोडलेला हात पडला याचं कारण वर आलंच आहे: रंग जिथे धरत नाही तिथे गोंद तरी कसा धरेल? पॉलिथिलीनसाठी दोन भागांचा सुपरग्लू मिळतो. आधी पेनने प्रायमर फिरवायचा, मग गोंद. तो खरंच काम करतो. पण मनगट या मापात जेमतेम एक मिलिमीटर. एवढ्याशा जागेवर कितीही चांगला गोंद असला तरी बोटाच्या एका धक्क्यापुढे त्याचं काय चालणार? त्या जागी सांधाच नको होता.

एकाच पोझचे चार सैनिक होते, म्हणून नव्याने सुरुवात करायला माणूस मिळाला. पहिलं काम बंदूक काढायचं. असल्या सैनिकांत बंदूक आणि छाती यांच्यामध्ये भरीव प्लॅस्टिक असतं, कारण दोन भागांच्या साच्यातून खोबणी सुटत नाही. ते सगळं नव्या ब्लेडने पातळ चकत्या काढत काढत उतरवलं. पॉलिथिलीनला पॉलिश पेपर लावायचा नाही. ते घासलं जात नाही, पिंजलं जातं आणि कापसासारखी लव उठते. उरलेली लव तापवलेल्या सुईच्या पाठीने हलकेच फिरवून बसवली. सुई लाल नको, नुसती गरम हवी. धूर निघाला तर ती जास्त तापली आहे, आणि तो धूर छातीत घेण्यासारखा नाही.

मग हात. आधी गरम पाण्यात धरून वाकवून बघितले: नुकतंच उकळलेलं पाणी, चिमट्यात सैनिक, वीस सेकंद, वाकवून लगेच थंड पाण्यात. वाकडी बंदूक सरळ करायला ही रीत फार छान आहे. कोपरासारख्या मोठ्या वळणाला पुरत नाही. सकाळी बघावं तर हात अर्धा परत गेलेला असतो. या प्लॅस्टिकला आपला मूळ आकार आठवतो. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूने व्ही आकाराची खाच कापली, बाहेरची कातडी तेवढी ठेवली, आणि हात त्या खाचेत दुमडला.

आणि इथे ती गोष्ट सुचली जिच्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं. ड्रमरच्या हातात छडी हवीच. छडी प्लॅस्टिकची करून उपयोग नाही, ती तारेचीच करावी लागणार. मग ती तार मुठीपाशीच का थांबवायची? ०.३ मिलिमीटरची पितळी तार घेतली. तिचं एक टोक मेणबत्तीवर गरम करून मुठीच्या पुढच्या बाजूने आत सरकवलं: मूठ, मनगट, पुढचा हात, कोपर आणि तिथून दंडात दोन मिलिमीटर. गरम तारेभोवती प्लॅस्टिक वितळतं आणि निवताना तिला आवळून धरतं. तार आधी कानशीने खरवडून ठेवली होती, म्हणून ती फिरत नाही की सरकत नाही. कोपरात तारेला वळण असल्यामुळे दुमडलेला हात परत उलगडत नाही. आणि मुठीबाहेर साडेपाच मिलिमीटर तार शिल्लक राहिली, ती छडी. एकच तार आतून हाड आणि बाहेरून छडी.

हे करताना चार वेळा तार हाताच्या बाजूने बाहेर आली. वळणावर ती सरळ घुसत नाही, म्हणून ती दोन टप्प्यांत घालावी लागते: आधी दुमडण्यापूर्वी दंडाकडची बाजू, मग वळवून पुढचा हात तिच्यावर ओवायचा. दुसऱ्या हाताला हे लक्षात आलं आणि काम पंधरा मिनिटांत झालं. ०.३ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात दोन सेंटीमीटरहून जाड छडी. खरी यापेक्षा बारीक असते. मला ते मान्य आहे. अचूक छडी तीन दिवसांत वाकडी होण्यापेक्षा किंचित जाड छडी सरळ राहिलेली बरी.

ड्रमसुद्धा कोटाला चिकटवला नाही. डाव्या मांडीतून गरम तार आरपार घालून तिच्यावर ड्रम ओवला, आतून गोंदाचा थेंब दिला. ड्रमचा पट्टा टिश्यू पेपरची पाऊण मिलिमीटर रुंद पट्टी पीव्हीएत भिजवून केला. ती वाकते, मोडत नाही.

पुट्टीची गोष्ट थोडक्यात. मिलिपुट वाळल्यावर दगडासारखा होतो, कडक पुतळ्यांना तो उत्तम, पण मऊ हातावर त्याची बाही सुटून आली. ग्रीन स्टफ वाळल्यावरही थोडा रबरी राहतो, म्हणून इथे तोच. तोही पॉलिथिलीनला चिकटत नाही, तेव्हा जिथे पुट्टी द्यायची तिथे सुईने तिरकी भोकं पाडून ठेवायची. पुट्टी त्यांत शिरते आणि आकड्यासारखी अडकते. बंदूक काढताना छातीवरचा पट्टा गेला होता, तो याच रीतीने परत केला. दोन्ही पुट्ट्या इपॉक्सीच्या, हातमोजे घालूनच मळाव्यात.

रंग

१८१२ च्या नियमावलीने फ्रेंच ड्रमरांना शाही गणवेश दिला: हिरवा कोट, त्यावर पिवळ्या-हिरव्या नक्षीची किनार, आणि त्या नक्षीत आलटून पालटून गरुड आणि एन हे अक्षर. त्याआधी रेजिमेंटगणिक ड्रमरांचा पोशाख वेगळा असे. भाचीला हिरवाच हवा होता, कारण बाकीचे निळे.

आता दोन सेंटीमीटर रुंदीची कुठलीही पट्टी १/७२ मध्ये पाव मिलिमीटरच्या जरा वर जाते. तिच्यात गरुड काढता येत नाही आणि काढूही नये. मी आधी गडद हिरव्याची रेघ ओढली, तिच्या आत फिकट पिवळ्याची, आणि पिवळ्यावर हिरव्याचे ठिपके दिले, एक लांबट, एक गोल. हातभर अंतरावरून डोळा तिथे नक्षी वाचतो. ठिपक्यासाठी फार बारीक ब्रश लागतो असं नाही. जाडसर पोटाचा पण टोक टिकवणारा ब्रश हवा, म्हणजे रंग टोकावर सुकत नाही.

थराच्या जाडीकडे या मापात फार लक्ष द्यावं लागतं. ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावर सात मिलिमीटरचं लिंपण. नाकाची कड, हनुवटीखालची सावली त्यात बुडते. म्हणून दुधासारखा सैल रंग आणि तीन-चार हात. कोटाचा हिरवा रंग उजळताना पांढरा न घालता पिवळी माती घातली. पांढऱ्याने हिरवा खडूसारखा दिसतो. शुद्ध काळा कुठेही नाही, शाकोला, म्हणजे सैनिकाच्या उंच टोपीलासुद्धा नाही, तिथे काळसर निळा-करडा. एवढ्या छोट्या वस्तूवर उजेड कमी पडल्यासारखा दिसतो, म्हणून सगळेच रंग खऱ्याहून एक पायरी फिके ठेवावे लागतात.

चेहऱ्याला मी सर्वांत जास्त वेळ दिला, जवळजवळ एक संध्याकाळ. डोळे काढले नाहीत. भुवईखाली तपकिरी सावली, गालाच्या उंचवट्यावर आणि नाकाच्या शेंड्यावर फिकट ठिपका, खालच्या ओठाला वीटकरी रंगाचा स्पर्श. बुबुळाचा ठिपका दिला की चेहरा दचकल्यासारखा दिसतो. सावली दिली की माणूस समोर बघतो. हा ड्रमर थोडा दमलेला आहे, तोंड किंचित उघडं. तो तसा मुद्दाम केला नव्हता, साच्यातच ओठांत फट होती. ती बुजवली नाही.

वर आधी सॅटिन ॲक्रिलिक वार्निशचे दोन हात, मग मॅटचा एक. नुसतं मॅट हाताळणीला लवकर पुसटतं.

बैठक

इतकं सगळं झाल्यावर भाचीला खेळताना बघितलं आणि एक गोष्ट दिसली जी मी पहिल्या दिवशीच बघायला हवी होती. ती सैनिकाला उचलते ती डोक्याला किंवा बंदुकीला धरून. दुसरीकडे धरायला जागाच नाही; पायाखालची प्लॅस्टिकची चकती सात-आठ मिलिमीटरची आणि पातळ.

"चौघांना एका पट्टीवर बसवून देऊ का?"

"नको. ते एकेकटे हवेत. एक जण मागे राहतो ना कधी कधी."

म्हणून तिघे सोडून प्रत्येकाला स्वतंत्र बैठक दिली, २० मिलिमीटर व्यासाची आणि तीन मिलिमीटर जाड. चिकटवून भागत नाही हे आता पाठ झालं होतं. दोन्ही टाचांतून तार खाली बैठकीत उतरवली. वर वाळू आणि पीव्हीए, मातकट रंग, कडेला गुळगुळीत काळी पट्टी. ती पट्टी दिसली की बोटं आपोआप तिथे जातात. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

माझ्या मते रंग टिकवण्यात या बैठकीचा वाटा प्रायमरएवढाच, कदाचित जास्त आहे. इतकी रसायनं तपासल्यावर हे लिहिणं जड जातं, पण खुणांचा कागद तेच सांगतो. नव्याने रंगवलेल्या बारा सैनिकांपैकी तिघांना मी मुद्दाम बैठक दिली नव्हती. दीड महिन्याच्या खेळानंतर त्या तिघांच्याच संगिनींच्या टोकावर प्लॅस्टिक दिसायला लागलं होतं. बैठकीच्या नऊ जणांत एकाच्या कोटाच्या शेपटावर एक ओरखडा, बाकी काही नाही. तीन आणि नऊ यावरून नियम काढता येणार नाही; मला तेवढ्यावर पुढचं काम ठरवता आलं. तिघांनाही बैठका बसल्या.

संगिनीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. ती साच्यातच वाकडी आणि जाड येते, आणि गरम पाण्याने सरळ केली तरी महिनाभराने कलते. पुढच्या चौघांच्या संगिनी कापून तिथेही तार घालणार आहे, मनगटासारखीच नळीतून खाली उतरवलेली.

ड्रमरचे दोन्ही हात जागेवर आहेत. उजवी छडी एकदा वाकली होती, भाचीने ती नखाने सरळ केली आणि मला दोन दिवसांनी सांगितलं. वाकलेल्या जागी रंगाला रेघ पडली आहे, कडा उचललेली नाही. पहिला ड्रमर, एका हाताचा, तिने टाकू दिला नाही. तो काडेपेटीच्या गाडीत बसून पलटणीच्या मागे मागे येतो, आणि त्याचा सुटलेला हात त्याच्या शेजारी असतो.